बाबा मध्यंतरानंतर कुठे गेले?

प्रश्न: माझं वय ६७. बँकेतून निवृत्त झाले. बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. वडिलांमुळे जुन्या हॉलिवूडचं वेड लागलं ते आजतागायत आहे. आत्मकथन लिहायला घेतलंय, साठेक पानं झाली आहेत. पण मुलगी वाचून म्हणाली, "आई, यात तू कुठेच नाहीस." लिहिण्याची प्रेरणा टिकवायची कशी? सिनेमांबद्दल किती लिहावं? आणि घरात ज्यावर कुणी कधी बोललं नाही, ते लिहावं का? नमुन्याची चार पानं सोबत पाठवते आहे.

उत्तर:

मुलीचं म्हणणं बरंचसं खरं आहे. पण चार पानांत एका जागी तुम्ही आहात, आणि नेमका तिथूनच तुम्ही पळ काढला आहे.

'रोमन हॉलिडे'वर दीड पान आहे. विल्यम वायलरचं दिग्दर्शन, ग्रेगरी पेकचा रुबाब, ऑड्री हेपबर्नला मिळालेलं ऑस्कर, स्कूटरवरून रोमची सैर. सगळं बरोबर आहे आणि सगळं कुठेही वाचायला मिळतं. मग त्या परिच्छेदाच्या शेपटाला हे एक वाक्य येतं: "बाबा मध्यंतरात बाहेर गेले ते परत आले नाहीत, मी एकटीच घरी आले." पुढच्या ओळीत 'माय फेअर लेडी' सुरू!

अहो, थांबा की जरा. साल १९७२, चौदा वर्षांची मुलगी, अंधारात शेजारची खुर्ची रिकामी. वाचक आता 'माय फेअर लेडी'कडे येणारच नाही. बाबा कुठे गेले, ते रात्री घरी आले का, आईला तुम्ही काय सांगितलंत, हे त्याला हवं आहे. तुमच्या साठ पानांचं पुस्तक व्हायचं असेल तर ते या वाक्यातून होईल.

बरीच वर्षं मी लोकांची आत्मकथनं संपादित करते आहे. सिनेमावेड्या माणसांच्या हस्तलिखितांत एक खोड हमखास सापडते: पडद्यावरच्या माणसांना ऐसपैस जागा आणि घरातल्या माणसांना वळचण. याचं कारण अज्ञान नसतं. कौतुक लिहिणं सोपं असतं, त्यात कुणी दुखावत नाही, आपलं काही उघडं पडत नाही. हेपबर्नच्या डोळ्यांवर तुम्ही पानभर लिहू शकता. वडिलांच्या डोळ्यांवर चार ओळी लिहून बघा, पेन अडतं.

आता प्रेरणेबद्दल. हा शब्द मला फारसा आवडत नाही, पण तुम्ही विचारलंय म्हणून हॉलिवूडमधलंच एक उदाहरण देते.

लुईस ब्रूक्स. काळ्याभोर बॉबकटची ती मूकपटांतली नटी, तुम्हाला ठाऊक असणारच. १९०६ साली कॅन्सासमधल्या चेरीव्हेल गावात जन्मली, पंधराव्या वर्षी नाच शिकायला न्यूयॉर्कला गेली, पुढे पॅरामाउंटच्या करारावर आली. १९२८ मध्ये पगारवाढीवरून स्टुडिओशी बिनसलं तेव्हा तिने सरळ बर्लिन गाठलं आणि दिग्दर्शक पाब्स्टच्या 'पँडोराज बॉक्स'मध्ये काम केलं. परत आल्यावर हॉलिवूडने तिला पुन्हा जवळ केलं नाही. १९३८ साली जॉन वेनबरोबरचा एक वेस्टर्न केला आणि तिची कारकीर्द आटोपली. नंतर तिने न्यूयॉर्कमध्ये सॅक्स फिफ्थ अव्हेन्यूच्या दुकानात विक्रेतीची नोकरीही केली. मधल्या काळात तिने आत्मचरित्र लिहिलं आणि कचऱ्याच्या भट्टीत टाकून जाळलं.

एवढं आयुष्य गाठीशी होतं, लिहायला वेळही होता, तरी पुस्तक जमलं नाही. मग १९५६ मध्ये रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये चित्रपटांचा संग्रह सांभाळणाऱ्या जेम्स कार्ड यांनी तिला तिथे बोलावून घेतलं, आणि ती जुने सिनेमे पाहू लागली. स्वतःचे सिनेमे तिने तोवर फारसे पाहिलेच नव्हते! पन्नाशीत, प्रोजेक्टरसमोर बसून ती पाहत गेली, टिपणं काढत गेली, आणि त्यातून एकेक लेख आला. 'साइट अँड साउंड'सारख्या नियतकालिकांत ते छापून आले. त्यांचं पुस्तक 'लुलू इन हॉलिवूड' १९८२ साली निघालं तेव्हा ती पंचाहत्तरीची होती. तीन वर्षांनी ती गेली.

मला यात दिसतं ते असं: नुसतं आठवत बसल्याने तिला लिहिता आलं नाही. आठवणीसमोर प्रत्यक्ष रीळ आलं आणि दोन्हींत फरक दिसायला लागला, तेव्हा लिहिता आलं. हम्फ्रे बोगार्टवरचा तिचा लेख घ्या. जगाला ठाऊक असलेला बोगार्ट म्हणजे ओठात सिगरेट, डोळ्यांवर हॅट, बोलण्यात करडेपणा. ब्रूक्सने १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये पाहिलेला बोगार्ट म्हणजे सुखवस्तू घरातला, उत्तम रीतभात असलेला, शिडशिडीत तरुण. या दोन माणसांमधलं अंतर हाच तिचा लेख आहे. भक्ताला तो लिहिता आला नसता.

आणि तिची नजर बघा. न्यूयॉर्कमधल्या पहिल्या दिवसांबद्दल लिहिताना ती भेटलेल्या बड्या लोकांची यादी देत नाही. सोडा फाउंटनवर काम करून कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या एका पोऱ्याबद्दल लिहिते. त्याने तिचे कॅन्सासचे गावंढळ उच्चार एकेक करून सुधारले, साधे रोजचे शब्द पुन्हापुन्हा म्हणायला लावून. काय मागवायचं नि कसं खायचं हे ती हॉटेलांतल्या वेटरांकडून शिकली, कपडे कसे घालायचे ते दुकानांतल्या मुलींकडून. पडद्यावर दिसणारी ती झुळझुळीत बाई कुणाकुणाच्या हातून घडली, त्याचा हा चोख हिशेब आहे. तुमच्या बाबांनी तुम्हाला इंग्रजी सिनेमा शिकवला असं तुम्ही लिहिता. कसा शिकवला? अंधारात कानात मराठीत सांगायचे का? आधी घरी गोष्ट सांगून मग न्यायचे का? मागच्या रांगेतलं कुणी "गप्प बसा हो" म्हणायचं का? ते लिहा.

तेव्हा कामाची पद्धत अशी. 'रोमन हॉलिडे' आत्ता लगेच लावू नका. आधी त्याचा शेवट आठवेल तसा वहीत लिहून काढा, सविस्तर. मग सिनेमा बघा. शक्य असेल तर शेवटची वीस मिनिटं आवाज बंद करून पुन्हा बघा. जिथे जिथे वहीतलं आणि पडद्यावरचं जुळत नाही, तिथे खूण करा.

एक खूण मी तुमच्यासाठी आत्ताच करते. तुमच्या पानावर वाक्य आहे: "शेवटी पावसात ते दोघं एकमेकांकडे पाहत राहतात." शेवटच्या प्रसंगात पाऊस नाही. तो राजवाड्यातल्या दालनात घडतो. पत्रकारांची भेट संपते, राजकन्या झालेली हेपबर्न आत जाते, सगळे पांगतात, आणि पेक त्या लांबलचक दालनातून एकटा चालत बाहेर येतो. मग तुमच्या डोक्यात पाऊस आला कुठून? एक शक्यता अशी की तो 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज'च्या शेवटातून आला. तिथेही हेपबर्नच आहे, आणि गल्लीत धो धो पाऊस, मांजर, सगळं आहे. दुसरी शक्यता अशी की तो पाऊस मुंबईचा होता, आणि तुम्ही त्यातून एकट्या घरी आलात. कुठली खरी, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण ही चूक दुरुस्त करून विसरून जाऊ नका. चूक आणि दुरुस्ती दोन्ही पानावर ठेवा. वाचकाला तुमची स्मरणशक्ती तल्लख असण्याशी काही देणंघेणं नसतं. तिने कुठे काय मिसळलं, यात त्याला रस असतो.

याच्या उलटही होतं बरं का. एका गृहस्थांनी लिहिलं होतं की लहानपणी पाहिलेल्या एका काळ्या-पांढऱ्या सिनेमात मध्येच क्षणभर लाल रंग चमकला. घरचे त्यांना हसायचे. सिनेमा होता हिचकॉकचा १९४५ चा 'स्पेलबाउंड', आणि त्याच्या मूळ प्रतींत पिस्तूल झाडण्याच्या क्षणी काही फ्रेम्स खरोखरच लाल रंगवलेल्या होत्या. तेव्हा आठवण तपासायची ती तिला खोटं पाडायला नव्हे.

तपासण्यासारखी आणखी एक जागा. तुम्ही लिहिता, "त्या काळी थिएटरांत जुने दर्जेदार सिनेमे नेहमी लागत." चौदा वर्षांच्या मुलीला जग असंच असतं असं वाटणार. पण १९७२ साली १९५३ चा 'रोमन हॉलिडे' थिएटरात का असावा? अमेरिकन कंपन्यांची निर्यात संघटना आणि भारत सरकार यांच्यातला करार १९७१ मध्ये संपला होता, आणि १९७५ मध्ये नवा होईपर्यंत त्या मोठ्या कंपन्यांचे नवे सिनेमे येणं जवळजवळ बंद होतं. थिएटरवाल्यांना देशात आधीच असलेल्या जुन्या प्रतींवर बरंचसं भागवावं लागे. म्हणजे तुमचं जुन्या हॉलिवूडचं वेड हे निदान अंशतः एका रखडलेल्या कराराचं देणं आहे! शिवाय बाबांनी हा सिनेमा पन्नासच्या दशकात, तुमच्या जन्माआधी, पाहिलेला असू शकतो. पाहिला असेल तर शेवट त्यांना माहीत होता.

इथे जरा थांबून मध्यंतराचा विचार करा. 'रोमन हॉलिडे' अमेरिकेत सलग दाखवण्यासाठी बनला होता. आपल्याकडे थिएटरवाले निम्म्याच्या आसपास रीळ थांबवून चहा-वेफर्स विकत. या सिनेमाचं निम्मं म्हणजे राजकन्या वाड्यातून पळालेली आहे, न्हाव्याकडे जाऊन केस कापून घेतले आहेत, आणि परत जायला तिला अजून अवकाश आहे. सिनेमा तुमच्या थिएटरात नेमका कुठे थांबवला ते आता कळणं कठीण. पण बाबांनी त्या दिवशी साधारण तिथवर पाहिला आणि ते उठले. घर सोडून गेलेली मुलगी त्यांनी पाहिली. ती घरी परतते ते तुम्ही एकटीने पाहिलंत. याचा अर्थ काय लावायचा तो वाचक लावेल. तुम्ही फक्त कोणी कुठपर्यंत पाहिलं ते नोंदवा.

थिएटर कोणतं, हेही तुम्ही "फोर्टकडचं एक थिएटर" म्हणून उडवून लावलं आहे. रीगल १९३३ चं, मेट्रो आणि इरॉस १९३८ ची. मेट्रो तर एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीने स्वतः बांधलेलं. तिन्हींचा थाट वेगळा, आणि तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे तिन्हींहून गिरगावला यायचा रस्ता वेगळा. मेट्रोपासून जगन्नाथ शंकरशेट रस्ता धरला की नाकासमोर घर. इरॉसहून यायचं तर चर्चगेटला लोकल पकडायची नाहीतर मरीन लाइन्सवरून पायपीट. रीगलहून एकट्या पोरीने येणं म्हणजे बरीच मजल, शिवाय बसभाड्याचा प्रश्न. तिकिटं बाबांच्या खिशात होती, तसे पैसेही त्यांच्याच खिशात असणार ना? मग तुम्ही आलात कशा? थिएटर आठवत नसेल तर जुन्या वर्तमानपत्रांतल्या सिनेमाच्या जाहिराती बघा. कुठे काय लागलंय आणि खेळ कितीचा, हे त्यांत असे. मोठ्या ग्रंथालयांत जुने अंक चाळू देतात. जाहिरात सापडली की महिनाही कळेल, आणि महिना कळला की पावसाचंही कळेल.

रंगवून लिहिण्याबद्दल थोडं. नट डेव्हिड निव्हनचं १९७१ चं 'द मून्स अ बलून' तुम्ही आवडतं पुस्तक म्हणून सांगता. हातातून सुटत नाही, कबूल. पण निव्हन किस्से फुलवून सांगायचा, दुसऱ्यांवर बेतलेले प्रसंग स्वतःवर घ्यायचा, हे त्याच्या चरित्रकारांनी दाखवून दिलं आहे. जन्म लंडनचा असताना तो स्कॉटलंडमधलं किरिम्युर सांगायचा. त्याला ते खपलं, कारण मैफलीतला गप्पिष्ट म्हणून तो आधीच लोकांना ठाऊक होता. तुम्ही-आम्ही तसं केलं तर पहिल्याच नातेवाइकाच्या फोनला पुस्तक कोसळतं. निव्हनकडून लय घ्या, आत्मविश्वास घ्या, बाकीचं राहू द्या.

लिहिताना भाषा फार इस्त्रीची होत असेल तर आधी बोला. हंसा वाडकर यांचं 'सांगत्ये ऐका' मुळात सांगितलेलं आहे, अरुण साधूंनी ते शब्दांकित केलं, आणि आजही त्यात बाई समोर बसून बोलते आहे असं वाटतं. तुमच्या हातात फोन आहे. तो दिवस मुलीला सांगा आणि ध्वनिमुद्रण चालू ठेवा. तुमच्या पानांवर "अवर्णनीय सौंदर्य" आणि "अविस्मरणीय अभिनय" आहे. मुलीशी बोलताना तुम्ही असे शब्द वापरणार नाही, याची मला खात्री आहे.

आता तो नाजूक प्रश्न. घरात न बोललेलं लिहावं का?

ब्रूक्स इथेही उपयोगी पडते, पण वेगळ्या अर्थाने. मी आत्मचरित्र का लिहिणार नाही, असा तिचा एक लेखच आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं की आयुष्य वाचण्याजोगं व्हायचं तर शरीरसंबंधांबद्दलचं खरं लिहावं लागेल, आणि ते लिहायची माझी तयारी नाही. आयुष्यभर कुणाची भीड न बाळगलेली बाई हे म्हणते! तिने वाट काढली ती अशी: सलग आत्मचरित्र नाही, सुटे लेख. ज्या खोलीत शिरायची तयारी आहे, तेवढ्याच खोलीचं दार उघडायचं. तुम्हालाही साठ वर्षांचा सलग इतिहास लिहायची सक्ती नाही.

दुसरा धडा अर्न्स्ट लुबिचचा. बंद दारांचा दिग्दर्शक म्हणून तो प्रसिद्ध आहे. दोघं आत जातात, दार लागतं, कॅमेरा बाहेरच थांबतो. कोण आत गेलं, कोण किती वेळाने बाहेर आलं, बाहेर उभ्या नोकराचा चेहरा कसा झाला, यावरून प्रेक्षकाला सगळं कळतं. दिग्दर्शक बिली वाइल्डरने आपल्या कचेरीत पाटीच लावली होती, 'लुबिचने हे कसं केलं असतं?' १९३४ पासून हेज संहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याची हॉलिवूडची नियमावली, कडक झाली तेव्हा ही कला पुष्कळांच्या कामी आली, पण लुबिच ती त्याआधीपासून वापरत होता, आवड म्हणून. तुमच्या आई-बाबांच्या संसारात काय बिनसलं होतं ते तुम्हाला त्या वयात माहीत नव्हतं. मग आतल्या खोलीतले संवाद रचू नका. चौदाव्या वर्षी दाराबाहेरून जे दिसलं तेवढंच लिहा: त्या रात्री ताटं किती वाढली गेली, कोण जेवलं नाही, रेडिओ लावला का. नंतर मोठेपणी जे कळलं ते वेगळ्या प्रकरणात, केव्हा आणि कुणाकडून कळलं त्यासह. दोन्ही वयांची माहिती एका वाक्यात कोंबली की ते लबाड वाटतं.

आणि बाबांना आवडणाऱ्या 'रोमन हॉलिडे'चीच गोष्ट बघा ना. पेकचं पात्र पत्रकार आहे. राजकन्येची सनसनाटी बातमी त्याच्या हातात आहे, मित्राने काढलेले फोटो आहेत, पैशांची चणचण आहे, आणि तो ती छापत नाही. हे लिहिणारा माणूस होता डाल्टन ट्रम्बो. १९४७ साली हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यायला नकार दिलेल्या दहा जणांपैकी एक. तो तुरुंगात गेला, काळ्या यादीत गेला, त्याच्या नावावर काम मिळेना. 'रोमन हॉलिडे'वर नाव लागलं त्याच्या मित्राचं, इयन मॅक्लेलन हंटरचं, आणि कथेचं ऑस्करही हंटरच्याच नावे जाहीर झालं. ट्रम्बो १९७६ मध्ये वारला. ते ऑस्कर त्याच्या नावे दिलं गेलं १९९३ मध्ये, आणि पटकथाकार म्हणून त्याचं नाव पूर्ववत झालं २०११ मध्ये. तुम्ही आणि बाबांनी पडद्यावर जी नावं वाचली, त्यांत खऱ्या लेखकाचं नाव नव्हतं. हा मजकूर तुमच्या दीड पानात कुठेच नाही, आणि मला विचाराल तर वायलर-पेक-हेपबर्नचं सगळं कौतुक काढून हा एकच परिच्छेद ठेवावा. न छापलेल्या गोष्टीची ही गोष्ट, तीही ज्याला स्वतःचं नाव छापता आलं नाही त्याने लिहिलेली. तुमच्या प्रश्नाच्या इतकी जवळची माहिती असताना ऑस्करांच्या याद्या कशाला?

पण पेकच्या पात्राने छापलं नाही म्हणून तुम्हीही छापू नये, असा याचा अर्थ काढू नका. त्याची ओळख एका दिवसाची होती आणि गुपित तिचं होतं. इथे निम्मं गुपित तुमचं आहे, खुर्चीवर तुम्ही बसला होतात. माझा संकेत साधा आहे: जे तुमच्यावर घडलं ते लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. जे फक्त दुसऱ्यावर घडलं आणि तो माणूस हयात आहे, त्याला छापण्याआधी पानं दाखवावीत. तुम्ही धाकट्या भावाचा उल्लेख केला आहे. त्यांना दाखवा, पण कच्चा खर्डा नको. कच्च्या खर्ड्यावर माणसं भांडतात, नीट लिहिलेल्या पानावर बहुधा आठवणी सांगायला लागतात. बाबा त्या दिवशी कुठे गेले, हे कदाचित त्यांना माहीत असेल. नसेल तर "मला आजही माहीत नाही" हे वाक्य तुम्ही बेधडक लिहू शकता. आत्मकथनात ते चालतं.

सिनेमांचं प्रमाण विचारलंत. ज्या सिनेमामुळे घरातलं काही उलगडतं किंवा बदलतं तो ठेवा, बाकीचे नावापुरते. कथानक दोन ओळींहून जास्त सांगू नका. ज्याने पाहिलाय तो कंटाळतो, न पाहिलेल्याला त्यातून काही मिळत नाही.

शेवटचं, फोटोंबद्दल. नट-नट्यांचे स्टुडिओने काढलेले फोटो नेटवरून उतरवून पुस्तकात घालायचा विचार दिसतो. नको. हक्क कुणाचा हे शोधता शोधता प्रकाशक मेटाकुटीला येतो, आणि साध्या कागदावर ते काळे ढब्ब छापले जातात. चाळीच्या गॅलरीतला बाबांचा एखादा फोटो असेल, किंवा त्यांच्या हस्ताक्षरातली सिनेमांची नोंद, तर ती स्कॅन करून ठेवा. स्कॅन किमान तीनशे डीपीआयला (दर इंचाला तीनशे ठिपके) करा, मोबाइलने टिपलेल्यावर विसंबू नका.